बडोदा: युनिव्हर्सिटीपुरतं रिक्षाचं अॅप करतोय, सल्ला हवा

कलाभवनचा_पोर | १४ जुलै, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघांनी प्रोजेक्टसाठी युनिव्हर्सिटीतल्या मुलांपुरतं रिक्षा बोलवायचं अॅप घेतलंय.

बडोदं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या एम. एस. युनिव्हर्सिटीला एकच एक कुंपण नाही. आर्ट्स आणि सायन्स सयाजीगंजाच्या बाजूला, इंजिनिअरिंग दांडिया बाजारात कलाभवनला, परफॉर्मिंग आर्ट्स सुरसागरसमोर, हॉस्टेलं प्रतापगंजात. हॉस्टेलला राहणारा कलाभवनचा मुलगा रोज अर्धं शहर ओलांडतो. संध्याकाळी हंसा मेहता लायब्ररीतून बाहेर पडलं की मोठ्या अॅपवर रिक्षा लागते, मग फोन येतो, "क्यां जवानुं छे?" (कुठे जायचंय?) दांडिया बाजार म्हटलं की दोन मिनिटांत ट्रिप रद्द. हे आठवड्यातून तीनदा होतं.

आत्तापर्यंत झालेलं काम: फ्लटरमध्ये (अॅप लिहायचं गूगलचं साधन) दोन अॅप, एक प्रवाशाचं, एक रिक्षावाल्याचं. मागे सर्व्हर आणि डेटाबेसच्या जागी गूगलचं फायरबेस. रिक्षावाल्याचा फोन दर ५ सेकंदांनी जागा कळवतो, सगळ्यात जवळच्या रिक्षाला मागणी जाते, त्याने १५ सेकंदांत घेतली नाही तर पुढच्याला. लॅबमध्ये चार फोन घेऊन डेमो केला, नकाशावर रिक्षा सरकताना बघून सर खूश झाले. आता खरोखर चालवायचंय. काय काय चुकेल ते आधीच सांगा.

---

घडियाळी_पोळकर | १५ जुलै, सकाळी ६:०५

वा रे पोरा! कलाभवन १८९० सालचं. दादासाहेब फाळके तिथेच शिकून गेले. आता तुम्ही अॅप काढताय, चांगलंच आहे.

एकच विचारतो. दोन अॅप केलीत म्हणता. दुसऱ्या अॅपमधला रिक्षावाला कोण? नाव सांग एकाचं तरी.

---

कलाभवनचा_पोर | १५ जुलै, सकाळी ९:४०

काका, अजून कोणी नाही. लॅबमध्ये माझा मित्रच रिक्षावाला झाला होता.

---

सर्व्हर_सांभाळणारा | १५ जुलै, दुपारी १:१५

मूळचा बडोद्यातल्या वाडीचा, सध्या पुण्यात. पोटापाण्याला हेच करतो म्हणून जरा लांबण लावतो.

आधी दर ५ सेकंदांचं बघू. म्हणजे मिनिटाला १२ नोंदी, तासाला ७२०. रिक्षावाला आठ तास रस्त्यावर असेल तर ५,७६०. फायरस्टोअरच्या (फायरबेसमधल्या डेटाबेसच्या) फुकट कोट्यात दिवसाला २०,००० नोंदी लिहिता येतात. तीन रिक्षांपर्यंत ठीक, चौथी आली की दिवस संपायच्या आत कोटा संपला. आणि या नोंदी लिहून तरी काय करायचंय? परवा सव्वाचारला रिक्षा कुठे होती, याचं तुम्हाला काहीच काम नाही. शेवटची जागा तेवढी रेडिससारख्या, मेमरीतच चालणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवा. रिक्षा पन्नासेक मीटर हलली तरच कळवा. उभी असेल तर मिनिटाला एकदा "जिवंत आहे" एवढंच पुरे. बॅटरीही वाचेल. रिक्षावाल्याचा फोन दुपारी बंद पडला तर संध्याकाळी अॅप पहिलं उडतं.

दुसरं, तुमच्या चार फोनच्या डेमोत दिसलं नसेल असं. एकाच वेळी दोन मुलांनी मागणी टाकली आणि दोघांनाही तीच रिक्षा मोकळी दिसली, तर? आधी "मोकळी आहे का" वाचायचं आणि मग "घेतली" लिहायचं, या दोन्हींच्या मधल्या फटीत दुसरा घुसतो. म्हणून वाचणं-लिहिणं एकाच हुकमात करा: "स्थिती मोकळी असेल तरच घेतली कर", आणि मग डेटाबेसमधल्या किती ओळी बदलल्या ते बघा. एक बदलली तर रिक्षा तुमची, शून्य असेल तर गेली, पुढची शोधा. आमच्याकडे एकदा हे राहिलं होतं. एका गाडीपाशी दोन बायका, दोघींच्या फोनवर तोच नंबर. मिटवता मिटवता नाकी नऊ आले.

तिसरं, नेट रडत असताना माणूस बटण एकदा दाबून थांबत नाही, तीनदा दाबतो. प्रत्येक मागणीला फोनवरच एक क्रमांक द्या, तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी ट्रिप करायची नाही. नाहीतर एका पोरासाठी तीन रिक्षा फाटकावर.

फोनची एक गोष्ट राहिलीच. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये स्क्रीन बंद झाली की मागचं अॅप फोन स्वतःच मारतो. जागा कळवणं थांबतं आणि तुम्हाला वाटतं रिक्षावाला घरी गेला. कायम दिसणारी सूचना ठेवून सेवा चालू ठेवावी लागते. बॅकग्राउंड लोकेशन मागितलंत तर प्ले स्टोअर वेगळा अर्ज आणि व्हिडिओ मागतं. शिवाय नवीन वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात हे कळलं तर रडाल.

---

शेव_उसळ_आणि_तरी | १५ जुलै, दुपारी १:३०

एवढं वाचून भूक लागली. अॅपमध्ये "वाटेत शेव उसळीला थांबा" असं बटण द्या, एकही ट्रिप रद्द होणार नाही.

---

नकाशेवाला | १५ जुलै, रात्री ९:५०

"सगळ्यात जवळची रिक्षा" हे तुम्ही कसं काढता? हॅवरसाइनच्या सूत्राने दोन जागांमधलं सरळ रेषेतलं अंतर काढत असाल तर बडोद्यात सपशेल आपटाल. शहराच्या मधून रेल्वे जाते आणि मधूनच विश्वामित्री वाहते. आर्ट्सच्या फाटकावर उभं राहिलं की अलकापुरीतली रिक्षा नकाशावर हाताच्या अंतरावर दिसते. पण ती यायची तर गरनाळ्यातून (रेल्वेखालच्या बोगद्यातून), नाहीतर शास्त्री ब्रिजवरून. गरनाळ्यात पावसाचं पाणी भरलं की तो विषय संपला. तोवर कालाघोड्याला, त्याच काठावर उभी असलेली लांबची रिक्षा दोनदा येऊन जाईल.

उपाय महाग नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा फुकट मिळतो, त्यातलं बडोद्यापुरतं कापून घ्या, ओएसआरएम (रस्त्याने अंतर काढणारं फुकट सॉफ्टवेअर) तुमच्याच मशीनवर चढवा. एवढ्या शहराला साधा लॅपटॉप पुरतो. सरळ रेषेने आठ-दहा रिक्षा निवडायच्या, मग त्यांचं रस्त्याचं अंतर काढून त्यातली एक. आणि पूल बंद करायचा स्विच तुमच्या हातात ठेवा. २०२४च्या ऑगस्टच्या पुरात कुठला पूल चालू आणि कुठला बंद हे सकाळ-संध्याकाळ बदलत होतं. नकाशाला त्यातलं काही कळत नाही.

जिओहॅश, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला अक्षरांचं नाव द्यायची पद्धत, वापरत असाल तर आणखी एक. सहा अक्षरांचा चौकोन साधारण १.२ बाय ०.६ किलोमीटरचा असतो. तुम्ही त्याच्या कडेला उभे असाल तर रस्त्यापलीकडची रिक्षा शेजारच्या चौकोनात जाते आणि तुमच्या शोधात येतच नाही. शेजारचे आठही चौकोन बघावे लागतात. ही चूक प्रत्येक जण एकदा करतो, मीही केलीय.

अटल ब्रिजचं तर विचारूच नका. गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंत साडेतीन किलोमीटर वरती पूल, खाली रस्ता. रिक्षा वर आहे की खाली हे जीपीएसला सांगता येत नाही. वर असेल तर ती तुमच्या डोक्यावरून निघून जाते आणि अॅप म्हणतं "पोहोचली".

---

सुरसागरकाठी | १६ जुलै, सकाळी १०:१०

मी परफॉर्मिंग आर्ट्सची. रियाज आटपेपर्यंत आठ-साडेआठ होतात, म्हणजे दादा तुमचं अॅप बनतंय ते माझ्यासारखीसाठीच. म्हणून स्पष्टच लिहिते.

माझ्या मैत्रिणीला एका अॅपवरच्या रिक्षावाल्याचे नंतर पंधरा दिवस "गुड मॉर्निंग" येत होते. गुलाबाची फुलं, वगैरे. नंबर त्याच्याकडे राहिला ना. त्यामुळे रिक्षावाल्याला माझा नंबर दिसता कामा नये. अॅपमधूनच दोन-चार तयार वाक्यं पाठवू द्या: "फाटकावर आहे", "दोन मिनिटांत येते", "रिक्षाचा नंबर सांगा". बोलायची गरज कितीशी असते? आणि नाव, फोटो, कुठली फॅकल्टी हे त्याला कशाला हवं? चार आकडी ओटीपी सांगितला की झालं.

हॉस्टेलचं नाव पत्ता म्हणून येऊ देऊ नका. उतरायच्या जागा ठरावीक ठेवा, मोठ्या रस्त्यावरच्या, दिव्याखालच्या. मी नेमकी कुठल्या इमारतीत राहते हे ट्रिपच्या इतिहासात वर्षभर पडून राहायला नको. ट्रिप झाली, आठवडाभर काही तक्रार नाही, तर मार्ग पुसून टाका.

"मदत" बटण दाबल्यावर तुम्हा चौघांना नोटिफिकेशन जाणार असेल तर त्याचा उपयोग शून्य. तुम्ही झोपलेले असाल. सरळ ११२ किंवा १८१ अभयमला (गुजरातची महिला हेल्पलाइन) फोन लागला पाहिजे. आणि रूममेटला पाठवायला लिंक हवी, जी तिला अॅप न टाकता उघडता येईल.

---

कलाभवनचा_पोर | १६ जुलै, दुपारी १२:३०

ताई, नंबर लपवायचं डोक्यातच नव्हतं. खरं सांगायचं तर दोन्हीकडे "कॉल करा" असं मोठं हिरवं बटण दिलंय. काढतो.

रिक्षा मिळत नसतील तर मुलांच्याच बाइक आणि कार घ्याव्यात असं एक मित्र म्हणतोय. मुलगा घरी जाताना मागच्या सीटवर एकाला नेईल, वीस रुपये घेईल. कसं वाटतं?

---

काळा_कोट | १६ जुलै, संध्याकाळी ७:२५

इथेच थांब बाळा.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६६, परमिट लागतं. त्याहून मोठी भानगड विम्याची. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू नसतो. मागे बसलेल्या मुलीचा पाय मोडला तर विमा कंपनी पॉलिसीतलं तेच कलम पुढे करणार, आणि खर्च त्या बाइकवाल्या पोराच्या बापाच्या गळ्यात.

प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देणाऱ्याला कायद्यात अॅग्रिगेटर म्हणतात. २०१९च्या दुरुस्तीने तो कलम ९३ मध्ये आला, त्याला परवाना लागतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०२० साली आल्या, सुधारित २०२५च्या जुलैत. नव्या सूचनांत खासगी मोटारसायकलला वाट ठेवलीय, पण राज्याने मान्यता दिली तर. "आमचा तर कॉलेजचा प्रोजेक्ट आहे" हे आरटीओपुढे चालत नाही, रस्त्यावर ट्रिप सुरू झाली की ट्रिप ती ट्रिप.

पैशांचंही लक्षात ठेव. अॅपवरून केलेल्या रिक्षाच्या भाड्यावर १ जानेवारी २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, रस्त्यावर हात करून थांबवलेल्या रिक्षावर नाही. भाडं तुमच्या खात्यातून फिरवलंत तर आणखी दहा प्रश्न. मुलाने रिक्षावाल्याचा क्यूआर स्कॅन करावा, तुम्ही मध्ये पडू नये.

बंगळुरूचं नम्मा यात्री पाहिलं का? २०२२ला रिक्षा संघटनेला बरोबर घेऊन सुरू झालं, ट्रिपमागे कमिशन नाही, कोडही खुला. पण त्यांच्यामागे मोठी टीम आहे. तुम्ही चौघं आहात आणि डिसेंबरात परीक्षा.

---

तीनचाकी | १७ जुलै, रात्री १२:४०

माझे पप्पा रिक्षा चालवतात, बावीस वर्षं. मी कॉमर्सला, म्हणजे मी दोन्हीकडचा.

ट्रिप रद्द का होते ते कोणी विचारलं नाही, म्हणून सांगतो. संध्याकाळी सातला दांडिया बाजारात रिक्षा घुसली की बाहेर निघायला ट्रिपपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि परतीचं भाडं मिळत नाही. मोकळी परत येते. त्या वेळात स्टेशनवरून दोन भाडी होतात. पप्पांना मुलांशी काही वैर नाहीये.

त्याहून मोठी गोष्ट स्टँडची. स्टँडवर नंबर असतो. जो आधी येऊन लागला त्याचं पहिलं भाडं, मग तो जातो, बाकीचे हाताने ढकलत एकेक पुढे सरकतात. तुमचं अॅप "सगळ्यात जवळची" शोधणार. समजा स्टँडवर सात रिक्षा आहेत. जीपीएस सातव्याला दोन मीटरने जवळ दाखवणार आणि भाडं त्याला देणार. पहिला चाळीस मिनिटं उन्हात बसलेला. पहिल्याच दिवशी मारामारी होईल, आणि दुसऱ्या दिवशी सगळा स्टँड मिळून अॅप काढून टाकेल. मोठ्या कंपनीचं चालतं कारण तिचे रिक्षावाले फिरते असतात. युनिव्हर्सिटीच्या फाटकावरचे स्टँडचे आहेत.

इंजिनिअर लोक एकदा तिथे बाकावर बसून चहा प्या.

---

नकाशेवाला | १७ जुलै, सकाळी ८:१५

वरचा प्रतिसाद छापून लॅबमध्ये लावा. मी पाच वर्षं अंतरं मोजतोय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

---

सर्व्हर_सांभाळणारा | १७ जुलै, सकाळी ११:००

तीनचाकी, सलाम.

यावरून आठवलं. अमेरिकेतली लिफ्ट कंपनी २०१२ची, पण तिचं मूळ झिमराइड. ते २००७ साली कॉर्नेल युनिव्हर्सिटीत सुरू झालं आणि त्यात रिक्षा-टॅक्सी बोलवायची भानगडच नव्हती. एकाच दिशेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक गाडी वाटून घ्यायची, एवढंच. ही कल्पना त्या संस्थापकाला सुचली झिम्बाब्वेत, लोक एका गाडीत दाटीवाटीने बसून जाताना बघून. नावही त्यावरूनच. म्हणजे आपली शटल (शेअर) रिक्षाच की!

कलाभवनच्या पोरा, तुमच्याकडे रिक्षा फाटकावर उभी आहे, मुलंही फाटकावर उभी आहेत. बोलवायचं कोणाला?

---

शेव_उसळ_आणि_तरी | १७ जुलै, सकाळी ११:१०

पॉपकॉर्न संपले.

---

कलाभवनचा_पोर | २ सप्टेंबर, रात्री १०:४५

धागा वर काढतोय. दीड महिना तोंड दाखवलं नाही कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं.

तीनचाकीने सांगितलं तसं स्टँडवर जाऊन बसलो. पहिल्या दिवशी अॅप दाखवायला गेलो होतो. लिंबाखाली पाच रिक्षा. पहिल्या नंबरचे काका साठीचे असतील. त्यांच्या फोनवर टाकून दिलं, पलीकडे उभ्या असलेल्या मित्राला म्हटलं, मागणी टाक. फोन वाजला. काकांच्या एका हातात मसाल्याची पुडी, दुसऱ्या हाताने ती चोळत होते. पुडी बंद केली, खिशात ठेवली, हात पँटला पुसले, शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, मग सीटखालून फोन काढला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पावसामुळे. तोवर १५ सेकंद कधीच संपले होते. मागणी दुसऱ्याला गेली, तो फोनवर बायकोशी बोलत होता. तिसऱ्याला गेली, तो रिक्षात नव्हताच. काका मला म्हणाले, "बेटा, छोकरो तो सामे ज ऊभो छे, बूम पाड ने!" पोरगा समोरच उभा आहे, हाक मार की.

त्या रात्री रिक्षावाल्यांचं अॅपच रद्द केलं. तीन महिन्यांचं काम. एका मित्राने दोन दिवस अबोला धरला.

आता जे उरलंय ते असं. कॉलेजच्या ईमेलने आत यायचं. "आर्ट्सचं फाटक ते कलाभवन, ५:४०" असं टाकायचं. त्या वाटेचे तिघं जमले की तिघांनाही टोला वाजतो, फाटकावर यायचं, स्टँडवरच्या पहिल्या नंबरची अख्खी रिक्षा करायची, भाडं तिघांत. रिक्षाचा नंबर कोणीतरी एक जण टाकतो, लिंक ज्याला हवी त्याला जाते. मुलींना फक्त मुलींबरोबर जायचा पर्याय आहे. फोन नंबर एकमेकांनाही दिसत नाहीत, तयार वाक्यं आहेत, ११२ आणि १८१ आहेत. लाइव्ह लोकेशन फक्त प्रवाशाच्या फोनवरून, तेही लिंक पाठवली तरच. फायरबेसचा फुकट कोटा महिन्याभरात एकदाही अर्ध्यावर गेला नाही.

साठ रुपये सांगतात, वीस-वीस पडतात. तिघं एकदम बसले की रिक्षावालाही दांडिया बाजाराला नाही म्हणत नाही, कारण घासाघीस नसते. रद्द करायचं बटण मात्र मुलांनाच जास्त लागतं. दोघं फाटकावर आणि तिसरा "येतोय येतोय" करत कँटीनमध्ये. मग दोघांना तीस-तीस. तिसऱ्याला दोन दिवस बंदी असा नियम केलाय, त्यावरून आमच्याच ग्रुपमध्ये भांडण चालू आहे, कारण पहिली बंदी माझ्यावर आली.

---

काळा_कोट | ३ सप्टेंबर, सकाळी ९:००

अख्खी रिक्षा करून आपसात भाडं वाटलं, तर हे कोणीही चार मित्र करतात तेच झालं. पण तिघांच्या वर चौथा कोंबायचा नाही, परमिट तेवढ्याचंच असतं. आणि अॅपने एक रुपयाही मागायचा नाही. मागायचा झाला तर आधी माझ्याकडे ये.

---

सुरसागरकाठी | ३ सप्टेंबर, सकाळी ९:४०

काल वापरलं. साडेआठला सुरसागर ते प्रतापगंज, दोघीच होतो, तिसरी मिळाली नाही. तरी निघालो. नवरात्रात काय करणार आहात? गरबा सुटल्यावर रात्री सगळं शहर एकदम रस्त्यावर असतं.

---

तीनचाकी | ३ सप्टेंबर, दुपारी २:२०

नवरात्रातलं पप्पांना विचारलं. म्हणाले त्या नऊ दिवसांत स्टँड नसतोच, नंबर नसतो, जो ज्याला मिळाला तो त्याचा. तेव्हा अॅप बंद ठेवा, उगाच नाव खराब होईल. पण फाटकावर ५:४०ला तिघं तयार उभे असतात हे स्टँडवर आता सगळ्यांना माहीत झालंय. पप्पा ५:३५ला नंबर लावतात.

---

घडियाळी_पोळकर | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ५:०५

मी कालाघोड्याला आहे, दांडिया बाजारापर्यंत जायचंय. युनिव्हर्सिटीचा ईमेल १९७४ साली मिळत नव्हता. ५:४०ला जागा आहे का?

---

कलाभवनचा_पोर | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१२

दोघं आहोत काका. फाटकावर या, थांबतो. उशीर करू नका, माझी बंदी कालच उठलीय.